शनिवारची पाहुणी

टेम्पो बिल्डिंगच्या दारात उभा होता. त्यात एक कॉट, एक गादी, दोन बॅगा आणि माझी इस्त्री, एवढंच सामान. वैद्यकाकू जिन्यातच भेटल्या. "बदली झाली का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो." "कुठे?" "टिटवाळ्याला." काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. लोकलने पाच स्टेशनांवरच्या टिटवाळ्याला बदली झाली म्हणून कोणी डोंबिवलीतलं घर सोडत नाही, हे टेम्पोवाल्यालाही कळत होतं. "हवा छान आहे तिकडे," असं म्हणून त्यांनी मला वाट दिली.

मेधा खाली आली. मेधा म्हणजे तोपर्यंत माझी बायको. तिने डबा हातात दिला आणि म्हणाली, "आज तिथे गॅस जोडलेला नसेल." भांडायचं ते सगळं भांडून झालं होतं, त्यामुळे दोघंही फार सभ्य झालो होतो. वर गॅलरीत सई उभी होती, आमची मुलगी, तेव्हा चौथीत. ती ओरडून म्हणाली, "बाबा, पोचलास की फोन कर!" आमच्याकडे हे परत निघालेल्या पाहुण्यांना सांगतात. मी डबा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलो.

डोंबिवलीत राहिलेल्या शेजाऱ्यांनो, कोणाचा मुलगा अमेरिकेला गेला की तुम्ही चार जणांना कौतुकाने सांगता. टिटवाळ्याला गेलेल्याबद्दल कोणी बोलत नाही, बोललंच तर आवाज खाली करून. म्हणून माझं मीच लिहितोय. आणि आपल्याच घरातून बॅग उचलून बाळकुमला, बदलापूरला, कुठे कुठे जाऊन राहिलेले जे माझे भाऊबंद आहेत, त्यांच्यासाठीही.

मला त्या घराची आठवण कशी यायची, तर अगदी फालतू गोष्टींवरून. बाथरूमचं दार पायाने जरा उचलून लावावं लागायचं. इथलं दार नीट लागतं, तरी कित्येक महिने माझा पाय आपोआप पुढे जायचा. संध्याकाळी सई मोठ्याने पाढे म्हणायची, मेधा आतून चुका काढायची आणि मी चहाचा कप घेऊन उगाच मध्ये मध्ये बोलून दोघींचा ओरडा खायचो. "तुम्ही गप्प बसा हो बाबा!" असं सई रागावली की अहो-जाहो करायची. इथे चौथ्या मजल्यावरून भातशेती दिसायची आणि तिच्या मधोमध नव्या बिल्डिंगांच्या सळया. शांतता भरपूर. वैद्यकाकूंची हवाही होती. पण गप्प बस म्हणणारं कोणी नव्हतं.

ठाण्याच्या कोर्टात समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मुलीचं घर मोडलं असं तिला वाटू देऊ नका. तिला आता दोन घरं आहेत असं वाटलं पाहिजे." मी ते फारच मनावर घेतलं. सई शनिवारी यायची, त्याच्या आधी घर आरशासारखं लख्ख. नवी चादर, तिच्या आवडीचा शाम्पू, फ्रिजमध्ये श्रीखंड. शनिवारी पावभाजी, रविवारी पिझ्झा. तिने ओला टॉवेल गादीवर टाकला तर मी हसत हसत उचलायचो. आणि ती? ती सोफ्याच्या कडेला बसायची आणि विचारायची, "बाबा, फ्रिज उघडू?" "बाबा, पंखा लावू?" किती गुणी पोर, असं वाटून मला भरून यायचं.

एका रविवारी दुपारी तिने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "तू मला आता ओरडत का नाहीस?"

मी म्हणालो, "अगं, तू कुठे काय चुकतेस?"

"मी मघाशी मुद्दाम सॉस सांडला," ती म्हणाली. "तरी नाही ओरडलास."

त्या बुधवारी मेधाचा फोन आला. तिचा आवाज दमलेला होता. "ऐक, सई विचारत होती, या शनिवारी नाही गेलं तर चालेल का."

"मी काय कमी करतोय गं?"

"कमी नाही रे, जास्त करतोयस. पाहुण्यासारखं वागवतोस तिला. पाहुणे दर आठवड्याला जातात का कुठे? इथे ती लसूण सोलते, ताटं घेते. तुझ्याकडून आली की महाराणी होऊन येते आणि दोन दिवस माझ्याशी भांडते. ओरडायचं सगळं माझ्यावरच टाकून गेलास तू. थोडं तूही ओरड."

तुम्हाला हसू येईल, पण लग्नात एवढा सरळ सल्ला तिने मला कधी दिला नव्हता. किंवा दिला असेल तर मी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "या शनिवारी एकदा पाठव. मग तिचं तिला ठरवू दे."

त्या शनिवारी मी चादरसुद्धा बदलली नाही. सई आली तशी मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवली. "निवड."

"मी?"

"मग कोण? पाहुणी आहेस का?"

तिने टीव्ही बघत बघत निवडली. मी भाजी धुवायला घेतली तर अर्धी देठंच. माझा आवाज इतक्या महिन्यांनी वर गेला. "सई! ही भाजी आहे की गवत? लक्ष कुठे असतं तुझं?" तीही उसळली. "मग तूच कर ना! मला नाही यायचं इथे!" दार आपटून ती गॅलरीत जाऊन बसली. मी सिंकपाशी उभा. आता मेधाला फोन करून ने म्हणणार ही, आणि परत येणार नाही, एवढंच डोक्यात. तिच्यामागे जाऊन समजूत काढावी असं दहादा वाटलं, पण नाही गेलो.

बऱ्याच वेळाने ती आत आली, माझ्याकडे न बघता फ्रिज उघडला, बाटली काढली आणि तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली.

"बाटलीला तोंड लावू नकोस, हजारदा सांगितलंय!" मी ओरडलो.

"सॉरी सॉरी," ती म्हणाली आणि उरलेली देठं काढायला बसली. मी पाठमोरा होऊन कांदा चिरायला घेतला. डोळे पुसायला कारण हवं होतं.

मग शनिवार सुरळीत सुरू झाले. सई सातवीत असताना मेधाच्या मैत्रिणीने टिटवाळ्यात फ्लॅट घेतला. तिथल्या वास्तुशांतीहून परतताना सईला न्यायला म्हणून मेधा पहिल्यांदा माझ्या घरी आली. दारात घुटमळली. सई म्हणाली, "ये ना आई, बस." आणि पेल्याखाली बशी धरून पाणी घेऊन आली. मेधा खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. सई चहाला उठली तशी तीही सवयीने उठली. "थांब गं, मी टाकते."

"अगं, बस तू," सई म्हणाली. "तुला इथलं काही सापडायचं नाही."

मेधा बसली. माझ्याकडे बघून हसली, पण डोळे भरलेले होते. चहा झाल्यावर तिने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "घर छान ठेवलंयस गं." हे ती सईला म्हणाली.

आता सई अकरावीत आहे. दोन्हीकडच्या किल्ल्या तिच्या सॅकमध्ये असतात. दोन घरं तिचीच. आम्हाला एकेकच उरलं. मला याचा आनंद आहे आणि वाईटही वाटतं, दोन्ही खरं आहे. परवा तिची पुस्तकं द्यायला डोंबिवलीला गेलेलो. सईने दार उघडलं, बस म्हणाली आणि आतून पाणी आणलं. आमच्या लग्नात आलेला स्टीलचा पेला, त्यावर माझं नाव कोरलेलं. पाणी पिऊन मी तो बशीत ठेवला आणि म्हणालो, "नको, चहा नको. निघतो."