आधी पाणी पी, मग बोल

अमेरिकेच्या वाळवंटातल्या घोडेस्वाराला मराठी कुणी शिकवलं, असा प्रश्न कुणाला पडलाच, तर त्याचं उत्तर बडोद्यात तरसालीला राहतं आणि नात्याने माझे मामेसासरे लागतं. मामा आयुष्यभर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. घोड्यावर ते कधी बसले नाहीत, पण स्कूटरवर डाव्या बाजूनेच टांग टाकतात आणि निघण्यापूर्वी घोड्याची मान थोपटावी तसं तिचं हँडल थोपटतात. उन्हात पाय फाकवून, डोळे बारीक करून उभे राहतात. एखादा रिक्षावाला उर्मटपणे बोलला, तर काही न बोलता त्याच्याकडे इतका वेळ टक लावून बघतात की तो बिचारा मुकाट्याने रिक्षा पुढे काढतो. मामींनी या सगळ्याचं "ह्यांचं घोडं" असं नाव ठेवलं आहे आणि जावई म्हणून त्या घोड्यामागे फरफटत जाण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.

हे घोडं मामांच्या तरुणपणापासूनचं. तेव्हा रविवारी सकाळी एका थिएटरात इंग्रजी सिनेमे लागत आणि क्वार्टर्समधली मंडळी पुढची रांग अडवून बसत. इंग्रजी कुणालाच येत नसे. मामांनाही येत नसे, पण तसं कबूल करणं त्यांच्या रक्तात नाही. पडद्यावर तोंड हललं की मामा अख्ख्या रांगेला मराठीत संवाद सांगत, तेही छातीठोकपणे. काळी टोपी आणि लाल रुमालवाला एक नायक त्यांचा विशेष लाडका. गोळ्या झाडण्यापूर्वी तो शत्रूपुढे पाण्याची कातडी पिशवी धरायचा. मामांनी त्याच्या तोंडी आपल्या आईचं वाक्य घातलं. घरात दोघे भाऊ भांडले, की आई रागावलेल्याच्या हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या देऊन म्हणायची, "आधी पाणी पी, मग बोल." पडद्यावर ती पिशवी पुढे आली की सगळी रांग हे वाक्य ओरडायची, बाकं बडवायची, आणि मामांच्या शेजारी बसलेला त्यांचा धाकटा भाऊ कान फाटेल अशी शिट्टी मारायचा. पुढे एका शिकलेल्या गृहस्थांनी खुलासा केला की नायक तिथे फक्त "हे घे आणि निघ इथून" एवढंच म्हणतो. मामांनी त्या गृहस्थांशी बोलणं टाकलं.

तो नायक दर दहा-बारा वर्षांनी एखाद्या नव्या नटाच्या अंगात येतो, आणि मामा प्रत्येक अवतार पाहतात. एका अवतारात नायक रडला, म्हणून मामा दोन दिवस जेवले नाहीत. एकात घोडा कॉम्प्युटरवर केलेला होता. "त्या घोड्याला घाम येत नव्हता, जावईबापू," हे त्यांनी मला एखाद्या घरातलं पाप सांगावं तसं हळूच सांगितलं. पण खरी अडचण निराळीच. मामा पडद्याकडे कमी आणि प्रेक्षकांकडे जास्त बघतात. खुर्चीत अर्धे मागे वळून, अंधारात एकेक रांग निरखत राहतात. पडद्याचा तांबडा उजेड त्यांच्या तोंडावर पडलेला असतो आणि मागच्या पोरीबाळी घाबरून जागा बदलतात. बाहेर आल्यावर निकाल ठरलेला असतो, "पब्लिक मरेली आहे. एक पण शिट्टी नाय." मला वाटायचं, म्हाताऱ्याला प्रेक्षक बघायचा छंद आहे. ते इतकी वर्षं एकच माणूस शोधत होते, हे मला यंदा कळलं.

यंदाचा अवतार हिंदीत बोलत होता. दुपारच्या खेळाला आम्ही मॉलमध्ये जाऊन बसलो. लाल धूळ उडाली, संगीत थांबलं, नायकाने कातडी पिशवी पुढे धरली. शेजारी मामा सवयीने पुटपुटले, "आधी पाणी पी, मग बोल." आणि त्याच क्षणी, त्याच संथ लयीत, पडद्यावरचा माणूस म्हणाला, "पहले पानी पी, फिर बोल." कॉलेजची दोन-चार पोरं हसली. माझ्या मनगटावर मामांचा हात होता. तो गार पडत गेलेला मला कळला.

बाहेर बाकावर बसून मामांनी जे सांगितलं, ते मामींनाही पुरतं ठाऊक नव्हतं. एका रविवारी सिनेमाहून येताना दोघा भावांचं सायकलवरून भांडण झालं. क्षुल्लकच. घरी आई नव्हती, तांब्या कुणी पुढे केला नाही, आणि मामा एवढंच म्हणाले, "निघ इथून." धाकटा सायकल घेऊन निघाला. चौथ्या दिवशी सायकल पादरा गावच्या एसटी स्टँडवर सापडली, कुलूप लावलेली. किल्ली आणि भाऊ आजवर सापडलेले नाहीत. मी म्हटलं, मामा, पाणी पी म्हणून कोण सांगत नाही? लिहिणाऱ्याला सुचलं असेल. मामा शांतपणे म्हणाले, "त्या रांगेतले बाकी सगळे गेले. मी स्वतः पोचवून आलो एकेकाला. मग हे वाक्य सिनेमावाल्यांना सांगितलं कुणी?"

दुसऱ्या दिवसापासून मामा आईचा फिरकीचा तांब्या भरून रोज खेळाला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी दारावरच्या रखवालदाराने अडवलं, "काका, पाणी अंदर नहीं लई जवाय." मामांनी तांब्या छातीशी धरला आणि म्हणाले, "मारी बा छे," म्हणजे माझी आई आहे. तो पोरगा काय समजायचं ते समजला, दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात जोडले. मामांच्या मते ते खोटं बोलले नव्हते. आत जाऊन ते तांब्या आपल्या मागच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवत आणि मग पूर्ण खेळभर एकदाही मागे बघत नसत. ज्या माणसाने जन्मभर मागेच पाहिलं, त्याचं ते ताठ बसणं मला बघवत नसे.

सिनेमा पडला. शेवटच्या दिवशी दुपारी अख्ख्या सभागृहात आम्ही दोघेच होतो. धूळ उडाली, संगीत थांबलं, पिशवी पुढे आली, वाक्य झालं. आणि त्या शांततेत माझ्या मानेमागे पितळेची फिरकी करकरली. तो आवाज मी मामींच्या स्वयंपाकघरात शंभर वेळा ऐकला आहे. त्यामागून एक घोट, मग थांबून आणखी एक. मी वळणार तोच मामांनी माझा गुडघा दाबला. "मागं बघू नका, जावईबापू. तो पाणी पितोय. पिऊ द्या."

मी बघितलं नाही. माझी छाती झाली नाही, हे कबूल करतो. दिवे लागल्यावर मामांनी न बघता हात मागे नेऊन तांब्या उचलला. तो भरलेला होता की हलका झाला होता, ते मी विचारलं नाही. जिन्यावर त्यांनीच मला विचारलं, "काही बोलला काय तो? मला हल्ली ऐकू कमी येतं." मी म्हटलं, अजून नाही, मामा. त्यांनी मान हलवली. "बोलेल. पहिल्यापासून तो पाणी सावकाशच पितो."

त्या घोडेस्वाराचा आणखी एक अवतार येणार आहे म्हणे. लोक नाकं मुरडतात, तेच तेच किती वेळा काढणार म्हणतात. मीही पूर्वी असंच म्हणायचो. आता वाटतं, काढू देत. मामींनी तांब्या चिंचेने घासून ठेवला आहे, आणि एका माणसाचं बोलणं अजून व्हायचं आहे.