कादिरभाईंची सायकल हॉलबाहेर पडते

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे कादिरभाई मूळचे दाभोळचे. सौदीतल्या खमीस मुशैत शहरातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून त्यांनी बावीस वर्षं काढली आहेत. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे ते झोपेतही सांगतील, पण स्वतःचा चष्मा मात्र बायकोला विचारल्याशिवाय सापडत नाही. चार वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा कंटाळा म्हणून या गृहस्थांनी सायकल घेतली. तेव्हापासून दर शुक्रवारी पहाटेची फजरची नमाज आटोपली की शेजारच्या आभा शहराच्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर ठरलेलेच.

गेल्या नोव्हेंबरात दाट धुक्यात एका पिकअपचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि ते रस्त्याकडेच्या खडीत जाऊन पडले. खरचटण्यावर निभावलं. नूरुन्निसाभाभी रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. "धुकं आहे तोवर सायकल घरात," एवढंच म्हणाल्या.

मग सोफा आणि जेवणाचं टेबल यांच्यामध्ये मागचं चाक पकडून ठेवणारा लोखंडी स्टँड आला. रोज संध्याकाळी तासभर माझ्या फरशीखाली घरघर सुरू व्हायची. कधी पुदिना मागायला खाली गेले की तेच चित्र दिसायचं. कादिरभाई घामाघूम, हँडलवर टॉवेल, शेजारी भाभी मटार सोलत बसलेल्या. मुलगा अदनान पुण्याला शिकतो, त्यामुळे घरात दोघंच. त्या तासात दोघांच्या गप्पा छान रंगायच्या.

मार्चमध्ये धुकं विरलं, ईद झाली, आभ्यात जॅकरंडाची झाडं जांभळ्या फुलांनी भरली. सायकल मात्र हॉलमध्येच. भाभी विषय काढू देत नव्हत्या आणि कादिरभाई दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. एकदा जिन्यात मला म्हणाले, "मुग्धाताई, रोज वीस किलोमीटर मारतो, पण समोर कायम फ्रीजच."

मला राहवलं नाही, मी भाभींशी बोलले. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नवऱ्याला अट घातली. "एक शुक्रवार. मी गाडी घेऊन मागून येईन. काही झालं नाही तर पुढेही जा. झालं तर सायकल कायमची घरात." दोन वर्षांपूर्वी त्यांनी लायसन्स काढलं होतं, पण एकटीनं मागे जायचा धीर होईना, म्हणून मला शेजारी बसवलं.

सकाळी रस्ता रिकामा होता. कादिरभाई झकास निघाले. पहिला सिग्नल लाल झाला, त्यांनी नीट ब्रेक लावला, पॅडल थांबवलं आणि ताठ बसून राहिले. पाय टेकलाच नाही. हॉलमध्ये पॅडल थांबवलं की सायकल आपोआप उभी राहते. इथे ती सावकाश कलली आणि कादिरभाई तिच्यासकट, अगदी शिस्तीत, आडवे झाले. मला हसू फुटलं. भाभींच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी ओठ मिटले.

भाभींनी गाडी कडेला घेतली आणि धावतच गेल्या. मीही मागोमाग उतरले.

"गाडीनं नाही पाडलं, नूर," कादिरभाई खाली बसल्या बसल्या म्हणाले. "मीच पडलो."

"बघितलं मी. पाय का नाही टेकलात?"

"घरी टेकावा लागत नाही ना."

भाभींनी नवऱ्याच्या गुडघ्यावरची धूळ झटकली. कादिरभाई उठले, सायकल उचलली आणि आपणहून घराच्या दिशेला वळवली. डोळे भरले होते, ते त्यांनी बाहीनं पुसले. "चल. अट म्हणजे अट."

भाभींनी हँडल धरलं. मला वाटलं, मदत करताहेत. पण त्यांनी सायकल परत आभ्याच्या रस्त्याकडे वळवली.

"पाच महिन्यांत पाय टेकायचं विसरलात, अदनानचे अब्बा. आणखी ठेवलं तर काय काय विसराल? जा तुम्ही."

"तू मागून येतेस ना?"

"नाही. नऊ वाजेपर्यंत घरी या. सिग्नल आला की पाय टेका."

कादिरभाई सीटवर बसले आणि निघाले. पुढच्या सिग्नलला त्यांनी पाय टेकलेला आम्हाला लांबून दिसला. मग हिरवा दिवा लागला आणि ते वळणाआड गेले.

आम्ही गाडीत येऊन बसलो, पण भाभींनी किल्ली फिरवली नाही. वळणाकडे बघत म्हणाल्या, "मला तर तो हॉलच बरा वाटत होता गं. तासभर तरी ते कुठे जात नव्हते."

मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं त्यांनी तो सोडवून घेतला आणि गाडी घराकडे वळवली.