बांगड्यांखालची सुई

कंपनीच्या गेटवर सॅनिटायझरचा वास आला की मला नांदेडच्या दवाखान्यातला तो वॉर्ड आठवतो. आईचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण ताप काही उतरत नव्हता, आणि आठवीतनं शाळा सोडलेल्या मला कुणाला काय विचारावं तेही कळत नव्हतं. सकाळी सिस्टरनं आईच्या बांगड्या वर सारल्या, तर सलाइनच्या सुईभोवती हात लालभडक. "मावशी, ताप इथनंच येऊन राहिलाय. दुखतंय म्हणून बोलला का न्हाई?" "तुमी बांगड्या फोडल्या असत्या. मालक जिता हाय माझा!" "फोडत न्हाई, दुसऱ्या हातात घालू." साबण लावून तिनं एकेक बांगडी उतरवली, सुई काढली, डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळी आईनं चहा मागितला. आता इतक्या लांबून फोन लावला, की आईच्या आवाजाआधी तिच्या बांगड्या वाजतात, अन् माझा जीव भांड्यात पडतो.