मेहुण्याचा दोर

पुणतांब्याच्या शिवारात झाडावर चढणारे पुष्कळ होते. लिंबावर आणि बाभळीवर तर शेळीसुद्धा चढते, असं सूर्यभान म्हणायचा. त्याचं झाड वेगळं. खोड कवेत मावत नाही, पहिली फांदी आभाळाला टेकलेली, आणि तिथंच मोहोळ लागलंय किंवा तीच फांदी कुणाच्या घरावर वाकलीय, असं झाड निघालं की माणसं सूर्यभानला शोधत यायची.

चढायची रीत त्याच्या बापाची. गोट्याला सुतळी बांधून फांदीवरून भिरकवायची आणि सुतळीमागं दोर ओढून घ्यायचा. दोराचं एक टोक शेजारच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका माणसाच्या हातात. दुसरं टोक लोंबतं राहायचं, त्यावर सूर्यभान. लोंबत्या दोराला तो दोन फास घालायचा, एक कमरेचा आणि एक पायाचा. त्यांची गाठ अशी की वजन पडलं की आवळायची आणि वजन काढलं की वर सरकायची. पायावर उभं राहून कमरेचा फास वर सारायचा, मग कमरेवर बसून पायाचा वर घ्यायचा. जळू चालते तसा तो वर जायचा, म्हणून त्या गाठीला घरात जळवेची गाठच म्हणत.

आता असा एका दोरावर जीव टांगणारा माणूस दोराच्या बाबतीत चोखंदळ असणारच. पण सूर्यभानचा चोखंदळपणा म्हणजे मुलगी बघायला आलेल्या सासूचा. काथ्याचा सुंभ त्याला चालायचा नाही, कारण तो आतून कधी कुजला ते कळत नाही. घायपाताचा दोर दणकट, पण ताठ, त्यावर गाठ आवळत नाही. सुती दोर दवानं भिजला की गाठ हलता हलत नाही. गावात इंजिनं आल्यापासून मोटेचे नाडे माळ्यावर पडून होते, पण ते मनगटाएवढे जाड. राहता राहिली अंबाडी. ओढ्यात कुजवलेली, धुऊन वाळवलेली, आणि छगननं वळलेली. छगन गावाचे कासरे आणि दावी वळायचा, पण सूर्यभानचा दोर वळताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कमरेला मोटेच्या जुन्या चामड्याचा पट्टा, त्याला लोखंडी कडी. ती कडी पाळण्याची. धाकटी पोरगी पाळण्यातून उतरली तशी कडूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्वतःच्या हातानं काढून दिलेली.

दोन नेम होते, दोन्ही बापाकडून आलेले. पहिला असा की दोर कुठलाही असो, आधी अंगणातल्या लिंबावर टाकायचा, जमिनीपासून हातभर उंचीवर लटकायचं आणि चांगले हिसके द्यायचे. हा बाप्या माणूस असा लोंबताना बघून आळीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. दुसरा नेम बापानं मरताना सांगितलेला. दोराचं टोक धरायला बायकोचाच भाऊ घ्यायचा. सख्ख्या भावाच्या मनात वाटणी असते, मेहुण्याच्या मनात बहिणीचं कुंकू असतं. म्हातारा भावांशी भांडण्यात जन्म घालवून गेला होता, तेव्हा त्याचं म्हणणं सोडून द्या. पण नेम सूर्यभाननं पाळला.

मेहुणा भिमाजी. श्रीरामपूरला ट्रकवर माल चढवायचा. अंगानं पैलवान, मनानं लोणी, आणि मानापानाला भलताच हळवा. लग्नात आहेराचा फेटा आधी दुसऱ्याला बांधला म्हणून तो जेवणावरून उठला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला गडी. निरोप धाडला की मात्र पहिल्या एस्टीनं हजर.

बाहत्तर सालच्या दुष्काळात चारा संपला तसं सूर्यभानचं काम एकदम वाढलं. गोदावरीत डबकी उरली होती. कडबा दृष्टीला पडत नव्हता, आणि खालच्या फांद्यांचा पाला पोरासोरांनी कधीच ओरबाडून नेला होता. उरला तो उंचावरचा. शिरसाचा पाला जनावरं आवडीनं खातात, आणि शिरस असे उंच की मान दुखावी. ज्याचं झाड त्याला अर्धा पाला, सूर्यभानला अर्धा, असं ठरायचं. त्या अर्ध्या पाल्यावर त्याचे दोन बैल उभे होते. बैल गेले तर पुढच्या पेरणीला औत कशाला जुंपायचं, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो थकला तरी चढत होता.

आणि नेमका तेव्हाच दोर विरला. एका जागी पीळ उकलून आतले धागे दिसायला लागले. छगनकडं गेला तर छगन हात झाडत म्हणाला, "अंबाडी कुठली आनू, सूर्यभान? पेरली न्हाई कुनी. आन पेरली असती तरी कुजवायला पानी हाय का?"

खंडेनवमीला भिमाजी आला. खांद्यावर दोराचं भेंडोळं, पांढरंशुभ्र, अंगठ्याएवढं जाड. नायलॉनचा दोर. "दाजी, ह्यानं आमी ट्रकचा माल आवळतो," तो म्हणाला. "हत्ती टांगा, तुटनार न्हाई. आक्कानं सांगितलं तुमचा दोर गेलाय, मंग म्हनलं, माझ्या बहिनीचा मालक फाटक्या दोरावर कशाला?"

कडूबाईचा ऊर भरून आला. त्या दिवशी घराघरात हत्यारांची पूजा. कोयता, कुऱ्हाड, विळा पाटावर मांडले होते. तिनं नवा दोर त्यांच्याशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. सूर्यभाननं दोर हातात धरला. गुळगुळीत, सापाच्या अंगासारखा. त्याच्या बोटांना काहीतरी खटकलं.

तिसऱ्या दिवशी शिरसाचं काम निघालं. सकाळी कडूबाई म्हणाली, "आवं, लिंबावर टाकून बघायचा ऱ्हायला न्हवं?"

सूर्यभाननं ओट्यावर चहा पीत बसलेल्या भिमाजीकडं पाहिलं. मेहुण्यानं मानानं आणलेला दोर, वर नवमीला पुजलेला. त्याला त्याच्यादेखत हिसके देऊन बघायचं म्हणजे सोयरीकही दुखावली आणि देवही. "पुजलेला हाय," तो पुटपुटला. बापाच्या दोन नेमांत पहिल्यांदाच भांडण लागलं होतं, आणि त्यानं मेहुण्याची बाजू घेतली. फास मात्र जुन्या अंबाडीचेच ठेवले.

सुरुवातीला सगळं झकास. दोर जरा ताणायचा, झोका दिल्यासारखं वाटायचं. पोरी पाला गोळा करत होत्या, कडूबाई ढीग रचत होती, भिमाजी बुंध्याशी टोक धरून बसला होता. वरची मोठी फांदी तोडायला सूर्यभाननं सगळं वजन कमरेच्या फासावर टाकलं आणि कोयता उगारला.

गाठ सरकली. आवळलीच नाही. पायाचा फासही तिच्यामागं घसरला. कोयता हातातून गेला. सूर्यभाननं दोराला हातापायांनी मिठी मारली, दोन माणसांच्या उंचीएवढा खाली आला आणि कसाबसा थांबला. जवळ फांदी नाही, खोड हाताला लागत नाही, तळहात पेटलेले, आणि खाली पाल्याचा एक ढीग सोडला तर वाळल्या ओढ्याचे दगड. तो खरोखर भ्याला. इतकी वर्षं चढला, पण असा कधी भ्याला नव्हता.

"भिमाजी! दोर सोड, सावकाश! मला खाली घे!"

भिमाजीनं बुंध्यावरचा एक वेढा काढला. अंबाडी असती तर उरलेल्या एका वेढ्यावर माणूस हळूहळू उतरला असता. नायलॉन कसलं थांबतंय! सर्रकन निघालं, भिमाजीच्या तळहातांतून धावायला लागलं. सोडून द्यावं एवढी आग. त्यानं सोडलं नाही. बुंध्याला पाय रोवून, दात खाऊन, ओरडत ओरडत धरून ठेवलं. दोर थांबायचा, निसटायचा, पुन्हा थांबायचा. सूर्यभान धक्के खात उतरला आणि पाल्याच्या ढिगावर उताणा पडला. मोडलं काही नाही. पण पांढऱ्या दोरावर हातहात अंतरावर लाल डाग होते.

भिमाजीच्या तळहातांची सालपटं निघाली होती. कडूबाई हळद लावत रडत होती आणि दोघांना एकदमच शिव्या देत होती.

"जाळून टाका त्यो दोर," भिमाजी म्हणाला. "मी आनला. माझ्यामुळं."

"दोर चांगला हाय," सूर्यभान म्हणाला. "आपली जुनी गाठ त्याच्यावर बसनारी न्हवती. मला खटकलं हुतं, मी बोललो न्हाई. तुला काय वाटंल म्हनून."

"काय वाटंल म्हनून?" कडूबाई उसळली. "आन मला काय वाटलं आसतं?"



पुढं काही दिवस सूर्यभान लिंबाखाली होता. फास सुती दोरीचे केले, मऊ म्हणजे घट्ट बसतील असे. तीन वेढ्यांची गाठ पाच वेढ्यांची केली. बसला, सरकला, पुन्हा बांधली, बसला, नाही सरकला. बुंध्यालाही दोनाचे चार वेढे. भिमाजी चिंध्या बांधलेले हात मांडीवर घेऊन ओट्यावरून बघायचा, आणि या वेळी आळीतलं कुणी हसलं नाही.

बैलांपुढचा पाला संपला होता. शिरसावर अजून निम्मा बाकी होता. भिमाजीचे हात मुठीला मिटत नव्हते, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती टोक द्यायला सूर्यभान तयार नव्हता. "मेहुन्याबिगर चढायचं न्हाई, बाप सांगून गेलाय," तो घोकत राहिला.

कडूबाईनं पदर खोचला, खुंटीवरचा दोर काढून खांद्यावर टाकला. "कुंकू कुनाचं?" तिनं विचारलं.

सूर्यभान दोर परत घ्यायला पुढं झाला.

"माझंच न्हवं? मंग दोर भावानं का धरायचा? मी काय मेलेय?"

भिमाजी ओट्यावरून म्हणाला, "दाजी, आक्का माझ्यापरीस घट्ट धरंल."

भिमाजीही मागोमाग आला. शिरसाखाली तिनं शेजारच्या झाडाच्या बुंध्याला चार वेढे दिले, पाय रोवले, टोक हाताला गुंडाळलं. सूर्यभाननं फास सारले आणि वर बघून पहिला पाय उचलला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी हितंच हातभर लटका. मला बघू द्या."

आणि भर शिवारात, मेहुण्यादेखत, सूर्यभान निमूटपणे लटकला.