भिंतीवरचा तळहात

अण्णा कुणाच्याही घरी गेले की दारातच थांबायचे, भिंतीवर तळहात टेकवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालू हाय." मग चपला काढायचे.

चालू म्हणजे माग. सोलापूरच्या आमच्या त्या गल्लीत पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत संसार, अशीच सगळी घरं. भिंतीला भिंत लागलेली. एका घरात माग सुरू झाले की शेजारच्या फळीवरची भांडी थरथरायची. मागांनी अण्णांचे कान कधी नेले, ते त्यांनाही कळलं नव्हतं. कानाचं काम तळहातावर आलं होतं, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. सत्तरनंतरची ती वर्षं. घरोघरचे हातमाग निघत होते, यंत्रमाग बसत होते. अण्णांच्या घरातली पहिली मोटर मीच जोडली. हातमागावर पाय मारून मारून त्यांचे गुडघे गेले होते. नारळ फुटला, मी बटण दाबलं आणि माग आपला आपण चालू लागला, तेव्हा अण्णा त्याच्या शेजारी उभे राहून लहान मुलासारखे हसले. "मिस्त्री, हे तर जेवायला पण मागत न्हाय की रे!" मला वाटलं होतं, मी या घरात सुख आणून बसवलं. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

मागांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो. तुम्ही अशा कारखान्यात कधी उभे राहिला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, तिथं सगळं ओठांवर आणि हातांवर चालतं. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मिशीला पीळ म्हणजे शेठ आला, मग त्या शेठला मिशी असो वा नसो. माझी खूण होती मूठ पिळायची, स्क्रू आवळल्यासारखी. मी दारात दिसलो की चारी मागांवरून मुठी पिळल्या जायच्या.

अण्णांच्या नातीला सगळे बुज्जी म्हणायचे. तिची झोळी मागांच्या मधोमध टांगलेली असे, कारण आई तिथंच काम करायची. आमच्या गल्लीतली पोरं त्या खडखडाटातच झोपायची. लाइट गेली, माग थांबले की मात्र दचकून उठायची आणि गल्लीभर रडारड सुरू व्हायची. बुज्जी तेवढी उठायची नाही.

"काय गुणाची पोर!" बाया म्हणायच्या. मीही म्हणालो होतो, "अण्णा, नात लई शहाणी हाय तुमची. लाइट गेल्याचं पण वाईट वाटत न्हाय तिला."

"माझीच हाय की," अण्णा म्हणाले होते.

ती बोलत नव्हती. पण कात्री करायची, अंगठा ओठाला लावायची, मला पाहिलं की इवलीशी मूठ पिळायची. घरातली मोठी माणसंही तसंच बोलत होती. त्यामुळे काही कमी आहे असं कुणाला वाटलंच नाही. उलट कौतुक व्हायचं, न बोलता सगळं कळतं म्हणून. माग नसलेल्या घरात ही चूक झाली नसती.

एका दुपारी लाइट गेली. मी अण्णांच्या घरी मोटर उघडून बसलो होतो. बुज्जी फरशीवर दोऱ्याच्या गुंत्याशी खेळत होती. अण्णांच्या हातून मागाचा धोटा निसटला आणि तिच्या पाठीमागं खणकन पडला. लाकडाचा, टोकांना लोखंड लावलेला. एवढ्या शांततेत तो अण्णांनाही ऐकू आला. बुज्जीनं मान वळवली नाही. अण्णांनी धोटा उचलला, तिच्या पाठीशी उभे राहिले आणि मुद्दाम सोडला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोटरीत तोंड घातलं.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच असणार. थोडं ऐकू येतंय, मशीन लावा आणि तिच्याशी बोलत राहा. उशीर झालाय, पण बोला.

मशीन म्हणजे फ्रॉकच्या खिशात मावणारी डबी, तिची वायर कानात. घरी आल्यावर सगळे गोळा झाले. सुनेनं डबी सुरू केली. आणि बुज्जी अशी किंचाळली की चालत्या मागांवरूनही ऐकू आलं. तिनं वायर ओढून काढली.

मी अण्णांना ओट्यावर आणून समजावलं. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, मागाचा पण.

"मग त्याला सांग की, मागाचं सोड, माझं तेवढं ऐकव."

"तसं नाही करता येत, अण्णा."

"एवढी मोठी मोटर फिरवतोस, आन् एवढं न्हाय येत?"

आम्ही आणलेली दोन यंत्रं एका घरात नांदू शकत नव्हती. लांब कुठं न्यावं तर चहूकडं मागांचाच भाग. अण्णांचे गुडघे तेवढं चालू देत नव्हते, आणि मुलगा-सून मागावरून हलले की चूल थांबली.

मग अण्णा लाइट जाण्याची वाट बघू लागले. त्या दिवसांत ती सारखीच जायची. सगळी गल्ली वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत बाहेर यायची, आणि अण्णा बुज्जीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. डबी सुरू करायचे. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचे आणि ओरडायचे, "ताता! ताता म्हण!" ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. त्यांच्या ओरडण्यानं कुत्री उठून जायची. शेजारी हसायचे, "अण्णा, ती ऐकेल तेव्हा ऐकेल, आमचे कान ठेवा की!"

एकदा ती म्हणाली, "ता." मी समोरच होतो. अण्णांना ते ऐकू आलं नाही. पण त्यांचा तळहात तिच्या गळ्यावर होता. त्यांचा चेहरा बदलला. "मिस्त्री," ते म्हणाले, "चालू हाय!"

काही महिन्यांनी त्यांचा मुलगा दुकानात आला. "निम्मा दिवस माग बंद असत्यात. खायाचं काय आमी? डिझेल इंजिन बसवून दे." त्याचं चूक नव्हतं. लाइट जाण्याचा त्या ओट्यावर काय अर्थ होता, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं मान खाली घातली होती. मीही वर पाहिलं नाही. मी नसतं बसवलं तर दुसऱ्या कुणी बसवलं असतं, असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. बसवलं मी.

पुढं लाइट गेली तेव्हा अण्णा सवयीनं ओट्यावर येऊन बसले होते. मागं इंजिन धडधडलं. अण्णांनी भिंतीवर हात टेकवला.

"चालू हाय," ते म्हणाले.

बुज्जीच्या कानातली वायर त्यांनी हळूच काढली, डबीभोवती गुंडाळली आणि डबी आतल्या कोनाड्यात ठेवून आले. मग सुनेला अंगठा ओठाला लावून दाखवला, मिस्त्रीला चहा दे म्हणून. तो चहा मी प्यालो.

त्यानंतर बुज्जीचा 'ता' मी कधी ऐकला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आमच्याकडे मयत उचलेपर्यंत गल्लीतले सगळे माग बंद ठेवतात. मी गेलो तेव्हा इंजिन बंद होतं, शेजारचेही माग बंद होते. अण्णा ज्या शांततेची वाट बघत ओट्यावर बसायचे, ती भर दुपारी सगळ्या गल्लीत पसरली होती. डबी कोनाड्यात होती. तिचा सेल कधीच उतरला होता.

बुज्जीनं भिंतीला तळहात लावून पाहिला. मग येऊन अण्णांच्या छातीवर ठेवला. पुन्हा भिंतीवर, पुन्हा छातीवर. बायकांनी तिला जवळ ओढलं, ती सुटून आली.

तेवढ्यात तिला मी दिसलो. या घरात काहीही बंद पडलं की मी येतो आणि ते सुरू होतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघून मूठ पिळली. मग माझा हात धरून अण्णांच्या छातीवर नेऊन ठेवला, आणि माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत उभी राहिली.