बिनबटणांचे फ्रॉक

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात मी तीस वर्षं काज-बटण करते. मास्तरांचा हात असा, की चहा निवायच्या आत कॉलर लावून मोकळे. त्यांची लेक चिमी आईविना याच दुकानात वाढली.

रांगत ती बटणांच्या डब्याशी गेली की मास्तर डबा फळीवर ठेवत. गिळलं तर? तेही खरंच. पण पुढे त्यांनी कहरच केला. तिचे सगळे फ्रॉक इलॅस्टिकचे. बटण नाही, हूक नाही, नाडी नाही. घासही स्वतः भरवायचे, पोरगी सहा वर्षांची झाली तरी.

"कणकेचा गोळा तरी द्या तिला मळायला," मी एकदा म्हटलं.

"तू तुझी काजं बघ."

मी बघितली. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, त्या वेळीच नेमकी मिठाची गुळणी धरली.

सोळाव्या वर्षी चिमी म्हणाली, "बाबा, मला शिवण शिकवा." सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागायचा, आणि मास्तरांना तो बघवायचा नाही. सुई हिसकून स्वतःच ओवायचे. चार महिन्यांनी ती मशीनवरून उठली ती उठलीच. आता एका ऑफिसात फोन घेते.

परवा ती तिच्या अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. "बाबा, हिला खेळायला मोठ्या बटणांची पट्टी शिवून द्या." मास्तरांनी कोटाची बटणं काढली, मी काजं मुद्दाम सैल केली.

नात जीभ बाहेर काढून बटण ढकलत बसली. निसटलं. परत निसटलं. मास्तरांचा हात पुढे गेला.

"बाबा, तिचं तिला करू द्या."

मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. बराच वेळ गेला आणि बटण काजातून पार झालं. नात खुदकन हसली, लगेच आईच्या गळ्याशी बटण शोधू लागली. चिमीचा टॉप आजही डोक्यातून घालायचा.

"माझ्याकडे नाहीत गं," चिमी म्हणाली.

मास्तरांनी टेप उचलली. "माप देऊन जा. पुढून उघडणारा टॉप शिवतो, सहा बटणांचा."

"आता कशाला, बाबा? सकाळच्या घाईत कोण लावत बसणार?"

मास्तर टेप गुंडाळत राहिले. मी मान खाली घालून काजं करत होते.