भाऊजींच्या मते सर्दी

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत माझी ताई इस्त्रीच्या टेबलावर होती. तिच्या हातून कधी चादर जळली नाही. कापड पिवळं पडायच्या आधी एक करपट वास येतो, अगदी पुसट. तो तिला कळायचा आणि हात आपोआप उचलला जायचा. नव्या बायकांना सांगायची, "डोळ्यांवर विसंबू नका गं, त्यांना उशिरा कळतं." त्या नाकावर तिचं पोट होतं आणि मानही.

थंडीत तिला सर्दी झाली. चारचौघांना होते तशीच. शिंका, दोन्ही नाकपुड्यांतून पाणी. आठवड्याभरात उतारही पडला. बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा उलटली, आणि या खेपेला निराळीच. एकाच बाजूने घट्ट, हिरवट, घाण वासाचं. अंगात ताप. टोपलीतली चादर उचलायला वाकली की गालात कळ जायची, वरची दाढ ठणकायची.

"एक गेली, दुसरी आली," भाऊजी म्हणाले. टायरच्या दुकानात बिलं फाडतात, पण घरात धन्वंतरी! "नाक आहे, वाहणारच. दिवसभर वाफेत असतेस, आणखी काय हवं तुला?"

लाँड्रीतल्या बायकांचंही तेच. कुणाला सर्दी झाली की तिला वाफेच्या मशीनपाशी उभं करायचं, ही तिथली रीत. ताईचं नाक तिथे घटकाभर मोकळं व्हायचं आणि तिला वाटायचं, निघालं दुखणं.

दातांच्या डॉक्टरांनी मात्र दाढ ठोकून पाहिली आणि सरळ सांगितलं, "दाढ ठणठणीत आहे. सर्दी बरी होता होता अशी उलटली, एकाच गालात दुखतंय, म्हणजे सायनसचं इन्फेक्शन असणार. नाकाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा."

भाऊजी हसले. "ह्यांना काही सापडलं नाही, म्हणून ढकललं नाकावर!" मी तोंड उघडलं, तर म्हणे तू मध्ये पडू नकोस. आणि ताई म्हणाली, "जाऊ दे गं." तिचं हे जाऊ दे! जन्मभर दुसरं काही बोललीच नाही बाई.

डोळा सुजून मिटला तेव्हा कुठे धावपळ झाली. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, पण वास गेला. येईलही कदाचित, असं डॉक्टर म्हणाले होते. आला नाही. कामावर परतली आणि चादरींमागून चादरी जाळल्या. आता ती मळके कपडे वेगळे करते, आणि टेबलावर तिनेच शिकवलेल्या बायका उभ्या असतात.

परवा मी तिच्याकडे गेले होते. भाऊजींना आदल्या दिवसापासून सर्दी. पातळ पाणी, शिंका, ना ताप ना कुठे दुखणं. पण चेहरा असा, की आता जातायत की मग!

"सायनस तर नसेल ना गं?" स्पेशालिस्टची वेळही घेऊन झाली होती. "तो निळा शर्ट इस्त्री करून ठेव," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

ताई शर्टावर इस्त्री फिरवत होती. मध्येच खिडकीबाहेर बघत राहिली, हात तिथेच थांबला. करपट वास मला आला, अगदी पुसट, ती सांगायची तसाच. मी उठले नाही. जळू दे मेला, म्हटलं.

तिने इस्त्री उचलली तेव्हा शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता. ती डागाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"तुला आला होता ना गं वास?"